तात्पर्य नको, सर!

रविवारी सकाळी साडेनऊला मुलांना जमवून बसायचे, हा माझा गेल्या काही वर्षांचा नेम. आठवडाभर महाविद्यालयात ज्ञानेश्वर-तुकाराम शिकवायचे आणि सातव्या दिवशी बोईसरच्या आमच्या वसाहतीतल्या बालगोपाळांना चार बऱ्या गोष्टी सांगायच्या! लहानांचे ठीक चालते. ससा-कासव शंभरदा सांगा, शंभरदा टाळ्या. पण मूल बारा-तेरा वर्षांचे झाले की आधी सतरंजीच्या कडेला सरकते, मग दाराशी, आणि एके रविवारी दाराबाहेर!

मोबाईलला दोष देऊन मी मोकळा झालो असतो. आपण सारे तेच करतो. पण नववीतल्या एका मुलाने मला सुटू दिले नाही.

"सर, तुमची गोष्ट छान असते. पण शेवटी तात्पर्य सांगता ना, तेव्हा वाटतं, आम्हाला काही कळतच नाही असं तुम्ही धरून चालता."

भर वर्गात माझाच पेपर तपासला गेला होता! घरी येऊन हे सांगितले, तर आमची ही म्हणाली, "अहो, घरी तरी काय वेगळं करता?"

वास्तविक उत्तर आमच्याच जिल्ह्यात होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. गुरे राखणारी आदिवासी मुले शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी मुलांना बोल लावला नाही. शाळाच कुरणात नेली. तीच कुरणशाळा. तिकडे इंग्लंडात रॉबर्ट रेक्सने १७८० मध्ये ग्लॉस्टरला रविवारची शाळा काढली, तीही आठवडाभर राबणाऱ्या मुलांची सवड पाहूनच. माझी मुले गुरांमागे नव्हती. पण त्यांचे कुरण कोणते, हे मी कधी पाहिलेच नव्हते.

पुढच्या रविवारी मी गोष्ट सांगितली नाही. मोठ्या मुलांना पाच गावे दिली : सातपाटी, मुरबे, नांदगाव, सालवड आणि पालघर. १४ ऑगस्ट १९४२ रोजी 'चले जाव'च्या चळवळीत पालघरला मोर्चावर गोळीबार झाला आणि या गावांतले पाच जण हुतात्मा झाले. म्हटले, "नावं तुम्ही शोधा. दोन आठवड्यांनी ही गोष्ट लहानांना तुम्हीच सांगायची."

"सालवड? ते तर इथंच आहे, सर! आम्ही सायकलनं जातो तिथून!"

पोरे पालघरला पाचबत्तीच्या हुतात्मा स्तंभापाशी जाऊन आली, गावांतल्या आजोबांना भेटली. परतली ती भांडतच. घरच्यांनी त्यांना जाऊ दिलं असेल का? आपण गेलो असतो का? दाराबाहेर गेलेली दोघेही त्या वादात होती.

ठरल्या दिवशी तो नववीतला मुलगा गोष्ट सांगायला उभा राहिला. मध्येच पहिलीतल्या एका चिमुरडीने विचारले, "दादा, ते घाबरले नव्हते?"

तो थांबला. म्हणाला, "मला ठाऊक नाही गं. मी असतो तर घाबरलो असतो."

सतरंजीवर कुणी हलले नाही. माझ्या ओठांवर 'शौर्य म्हणजे...' असे एक सुरेख वाक्य आले होते. ते मी गिळले. वीस वर्षे व्याख्याने देणाऱ्या माणसाला हे किती जड जाते, ते माझ्या व्यवसायबंधूंनाच कळेल!

आता वाचकहो, या लेखाचे तात्पर्य? ते मी सांगणार नाही. तुमच्या घरी कुणी नववीत असेल, तर त्यालाच विचारा. आणि तो बोलू लागला की मध्ये बोलू नका.