कपाट घरी, किल्ली परगावी

मी मराठीचा प्राध्यापक. एखाद्या शब्दाची व्युत्पत्ती विचारलीत तर तासभर बोलेन; पण घरातला फ्यूज उडाला की शेजाऱ्यांचे दार ठोठावतो. अशा माणसाने दिवाळी अंकात राऊटर आणि व्हीपीएन ह्यांच्यावर लिहावे, ह्याचे वाचकांना नवल वाटेल. मलाही वाटते. पण प्रसंगच तसा आला.

आमच्या आईला जात्यावरच्या ओव्या येत. घरातले जाते केव्हाच अडगळीत गेले होते, तरी १९८८ साली वडिलांनी टेपरेकॉर्डर समोर ठेवून तिच्याकडून त्या म्हणवून घेतल्या. अकरा कॅसेटी भरल्या. पुढे वडील गेले, आई गेली, आणि कॅसेटींना बुरशी धरू लागली. त्या अगदीच वाया जाण्याआधी मी त्या संगणकावर उतरवून घेतल्या. मूळ फिती आता वाजत नाहीत. म्हणजे आईचा आवाज जो काय उरला आहे, तो एवढाच.

तो ठेवायला आम्ही एक पेटी घेतली. जाडजूड शब्दकोशाएवढी, आत दोन हार्डडिस्क; एकीवर जे लिहिले जाते तेच दुसरीवरही उमटते. ती राऊटरला तारेने जोडली, की घरातल्या कुठल्याही फोनवरून आतले उघडता येते. तिला ‘नॅस’ म्हणतात. आम्ही तिला ‘कपाट’ म्हणतो.

कपाट पुण्यात आणि आमची ताई मेलबर्नला! ती दर रविवारी फोनवर म्हणायची, “अरे, मला आईच्या ओव्या कधी ऐकवणार?” शेवटी एका परिचिताने अर्ध्या तासात काम करून दिले. त्याने राऊटरमध्ये एक वाट उघडली. पेटीचा पत्ता घालून नाव आणि परवलीचा शब्द दिला, की जगात कुठूनही कपाट उघडे. आम्ही त्याला चहा पाजला आणि खूश झालो.

दिवाळीच्या सुट्टीत इंजिनियरिंगला असलेला पुतण्या आला. त्याने पेटीतली नोंदवही उघडली आणि म्हणाला, “काका, हे बघा.” रात्री दोन, सव्वादोन, अडीच. कुणीतरी ‘अ‍ॅडमिन’ हे नाव घालून परवलीचे शब्द लावून बघत होते. एकदा नव्हे, शेकडो वेळा. आमच्यावर कुणाचा राग नव्हता. इंटरनेटवरची प्रत्येक उघडी कडी हलवून पाहत फिरणारी यंत्रे असतात, त्यांच्या वाटेत आमचे दार आले, इतकेच.

“पण परवलीचा शब्द अवघड आहे ना?” मी म्हणालो.

“काका, कुलूप भक्कम असले तरी चौकटच किडलेली असली तर?”

त्याने सांगितले ते ऐकून मी गप्प झालो. एप्रिल २०२१ मध्ये ‘क्यूलॉकर’ नावाच्या हल्ल्यात क्यूनॅप कंपनीच्या अशाच पेट्यांमधल्या फायली बंद गाठोड्यांत बांधल्या गेल्या आणि गाठ सोडवण्यासाठी बिटकॉइनमध्ये खंडणी मागितली गेली. चोर परवलीचा शब्द ओळखून आत शिरले नव्हते. प्रणालीतल्या उणिवेतून शिरले होते. धोका होता तो इंटरनेटच्या रस्त्यावर उघड्या असलेल्या पेट्यांना.

त्याच संध्याकाळी आम्ही ती वाट बंद केली आणि व्हीपीएनचे काम हाती घेतले.

व्हीपीएन म्हणजे काय? जाहिरातींतले व्हीपीएन वेगळे. त्यात आपण परक्या कंपनीच्या बोगद्यातून बाहेरच्या जगात जातो. इथे बोगदा आपलाच, आणि तो आपल्याच घरात निघतो. ताईच्या फोनपासून आमच्या राऊटरपर्यंत सांकेतिक लिपीत बंद केलेली वाट. त्या वाटेने आली की ती जणू आमच्या दिवाणखान्यातच बसलेली असते. कपाट रस्त्यावर आणावेच लागत नाही.

आम्ही ‘वायरगार्ड’ वापरले. जेसन डोनेनफेल्ड ह्यांनी रचलेली ही पद्धत मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या गाभ्यात सामील झाली. पुष्कळ नव्या राऊटरांत ती तयार मिळते. तिचा एक गुण मला फार आवडला: अनोळखी माणसाने दार वाजवले तर ती ‘कोण आहे?’ असेही विचारत नाही. गप्प राहते. वाजवणाऱ्याला तिथे दार आहे हेच कळत नाही.

इथे किल्ल्या जोडीने तयार होतात. एक गुप्त, ती ज्या त्या यंत्रातच राहते. दुसरी उघडी, ती समोरच्याला द्यायची. ताईने आपली उघडी किल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली तेव्हा मी घाबरलोच. पुतण्या हसला. “काका, ती कुणी पाहिली तरी बिघडत नाही. तिच्यावरून आपण ताईआत्याला ओळखणार. आत यायला लागते ती तिच्या फोनमध्येच आहे.”

दोन अडचणी मात्र आल्या. पहिली पत्त्याची. आपल्याकडे बऱ्याच घरांना इंटरनेटवरचा स्वतंत्र पत्ता मिळत नाही. चाळीच्या एकाच पत्रपेटीसारखा अनेक घरांत मिळून एक असतो. आम्ही सेवा देणाऱ्यांकडे जादा पैसे भरून स्वतंत्र, कायमचा पत्ता घेतला. तो न मिळाल्यास ‘टेलस्केल’सारखी मध्यस्थ सेवा दोन्ही टोकांची गाठ घालून देते.

दुसरी अडचण गमतीची. जोडणी झाली, पण ताईला कपाट दिसेना. शोधता शोधता कळले, की आमच्या घरातल्या यंत्रांचे क्रमांक १९२.१६८.१ ने सुरू होत होते आणि तिच्या घरातल्यांचेही! साहजिकच तिचा फोन आमचे कपाट तिच्याच घरात शोधत होता. आम्ही आमच्या घराचा क्रमांक १९२.१६८.३७ केला, आणि काम झाले.

मग पुतण्याने घरचे नियम घालून दिले. प्रत्येक फोनला वेगळी किल्ली. फोन हरवला तर तेवढीच रद्द करायची. ताईला ओव्या ऐकता येतील, पुसता येणार नाहीत. राऊटर आणि पेटी ह्यांच्या सुधारणा आल्या की लगेच घ्यायच्या. आणि सर्वांत मोठा नियम: बोगदा म्हणजे राखण, दुसरी प्रत नव्हे. पेटीतल्या दोन हार्डडिस्कही दुसरी प्रत नव्हेत, कारण एकीवरचे पुसले की दुसरीवरचेही पुसले जाते. म्हणून तिसऱ्या हार्डडिस्कवर प्रत काढून ती नागपूरला भावाकडे ठेवली.

हे सारे एका कागदावर लिहून मी बायकोच्या दागिन्यांच्या डब्यात ठेवले आहे. उद्या मी नसलो, तर घरच्यांनाच कपाट उघडता येऊ नये, असे व्हायला नको.

त्या रविवारी ताईचा फोन आला. बराच वेळ ती बोललीच नाही. मग म्हणाली, “सातवी कॅसेट ऐकलीस का रे? ओवी चालू आहे आणि मागे कुणीतरी ‘आई, भूक लागली’ म्हणून भोकाड पसरले आहे.”

“कोण?”

“तूच की!” ती म्हणाली. “आणि आई ओवी न थांबवता तुला थोपटते आहे. हाताचा आवाज येतो बघ.”

मी ती कॅसेट संगणकावर उतरवताना ऐकली होती. पण माझे लक्ष ओवीच्या शब्दांकडे होते. फोन ठेवला आणि कपाट उघडले.