लग्नाला मालकाची परवानगी

टस्कनीच्या टेकडीवरचं दगडी शेतघर, खिडकीबाहेर सरूची रांग, न्याहारीला घरचा जॅम आणि रात्री समोरच्याच मळ्यातली वाइन. मधुचंद्राला युरोप गाठणारी पुण्या-मुंबईची जोडपीही आता रोम आणि फ्लॉरेन्सच्या मध्ये अशा घरात एखाद-दुसरी रात्र काढतात. ‘शतकानुशतकांची शांतता’ असं या घरांच्या जाहिरातीत हमखास छापलेलं असतं. ते धादांत खोटं आहे. ही शांतता जेमतेम साठ वर्षांची. त्याआधी याच भिंतींच्या आत पंधरा-वीस माणसांचं खटलं नांदत होतं, आणि त्यातल्या कुणाला लग्न करायचं तर आधी मालकाला विचारावं लागे.

मध्ययुगापासून मध्य इटलीतली बरीच शेती ‘मेत्साद्रिया’ नावाच्या करारावर चालायची. आपल्याकडची अर्धेलीच ती. जमीन आणि घर मालकाचं, राबणूक कुळाची, पीक निम्मं-निम्मं. मालक राहणार फ्लॉरेन्समध्ये नाहीतर सिएनात, शेतावर त्याचा कारभारी. मळा किती मोठा हे घरातल्या राबत्या हातांवर ठरे, म्हणून त्या घरात कोण आलं आणि कोण गेलं हा मालकाच्या हिशेबाचा भाग. मुलगी सासरी गेली की दोन हात कमी. सून आली की दोन हात वाढले खरे, पण पाठोपाठ खाणारी तोंडंही. गणित जमेना तर कुटुंबाला जागा सोडायची नोटीस. त्यामुळे लग्नाला मालकाची संमती घ्यायची ही कुळाच्या अटींतलीच एक अट.

घराची ठेवण याच जगण्यातून आली. खाली गोठा, त्यात पांढरेशुभ्र, थोराड कियानीना बैल. वर स्वयंपाकघर, तिथे माणूस आत उभा राहील एवढी चूल, आणि तिच्या आजूबाजूला निजायच्या खोल्या. जनावरांची ऊब वर चढायची, थंडीत तेवढाच आधार. छपरावर कबुतरांचा मनोरा. वाल दि कियानाच्या खोऱ्यात अठराव्या शतकात ग्रँड ड्यूक पिएत्रो लिओपोल्दोच्या राजवटीत अशी घरं आराखडा आखून बांधली गेली. हिवाळ्यात रात्री शेजारपाजारची माणसं चुलीपाशी किंवा गोठ्यात जमत. बायका सूत कातत, म्हातारे गोष्टी सांगत, आणि लग्नाळू पोरं थोरांच्या नजरेखाली पोरींकडे बघत. प्रणयाला वाव तेवढाच. निजण्याआधी पांघरुणाखाली एक लाकडी सांगाडा सरकवायचा आणि त्याच्या पोटात निखाऱ्यांचं भांडं ठेवायचं, म्हणजे गादी गरम होते आणि कापड जळत नाही. या सांगाड्याला लोक चेष्टेने ‘पाद्री’ म्हणत. आता हे पाद्रीबुवा बऱ्याच ठिकाणी भिंतीवर शोभेला टांगलेले दिसतात.

हे सगळं मोडलं कसं? कायद्याने शेवटी मोडलं, पोरींनी आधी. दुसऱ्या महायुद्धानंतर प्रातोच्या कापड गिरण्यांत आणि पोंतेदेराच्या व्हेस्पा कारखान्यात रोख पगार मिळू लागला. व्हेस्पा म्हणजे पुढे बजाजने परवान्यावर आपल्याकडे काढली तीच. अर्धेलीच्या घरात सून म्हणून जायचं तर सासू, कारभारी आणि मालक असे तीन धनी सांभाळायचे. मुली शेतकरी नवरा नको म्हणू लागल्या आणि मुलगेही शहराची वाट धरू लागले. उत्तरेत पिएमोंतेच्या लांगे भागात तर दलालांमार्फत थेट दक्षिणेतून नवऱ्या आणाव्या लागल्या. नुतो रेवेल्ली यांनी तिथल्या शेतकरी बायकांच्या तोंडच्या कहाण्या १९८५ मध्ये पुस्तकरूपाने काढल्या, त्यांत या परमुलखातल्या सुनाही बोलतात. शेतकरी मुलाला मुलगी मिळत नाही हे आपल्या गावांत आज जे गाऱ्हाणं ऐकू येतं, ते तिथे दोन पिढ्या आधी ऐकू आलं. १९६४ मध्ये अर्धेलीच्या नव्या करारांवर कायद्याने बंदी आली, तोवर कितीतरी घरांना कुलपं लागली होती.

त्या पडक्या घरांना पहिली गिऱ्हाइकं मिळाली त्यांत इंग्रज आणि जर्मन बरेच होते. फ्रान्सेस मेयस या अमेरिकन लेखिकेने कोर्तोनात घेतलेल्या घरावर १९९६ मध्ये पुस्तक लिहिलं, २००३ मध्ये त्यावर चित्रपट निघाला, आणि टस्कनी म्हणजे प्रेमात पडायची जागा हे पक्कं झालं. सरूंचा जो नागमोडी रस्ता कॅलेंडरांवर दिसतो, तोही पुरातन नाही. १९२४ मध्ये लग्न करून वाल दोर्चातली ला फोचेची ओसाड जमीन घेणाऱ्या आयरिस आणि अंतोनियो ओरिगो यांच्या काळातला तो. या सगळ्या हकिकतीत कुणाची परवानगी न लागलेलं जोडपं हेच. कारण मालक तेच होते.

शेती राखून पाहुणे ठेवायचे, या विचाराची ‘आग्रितुरिस्त’ ही संघटना १९६५ ची. पण कायदा यायला आणखी वीस वर्षं लागली. ५ डिसेंबर १९८५ च्या कायद्याने, आणि त्याच्या जागी आलेल्या २००६ च्या कायद्याने, ‘आग्रितुरिस्मो’चा फलक शेतकऱ्यालाच लावता येतो. शेती मुख्य हवी, पाहुणचार जोडधंदा. तपशिलाचे नियम प्रांतांचे. शेतीला किती तास लागतात आणि पाहुण्यांना किती, यांची तुलना ही ते मोजायची एक रीत. आज देशात अशी सुमारे २६ हजार ठिकाणं आहेत. त्यांतली पाच हजारांवर एकट्या टस्कनीत, आणि देशातली साधारण एक तृतीयांश बायका चालवतात. जिथे पोहण्याचा तलाव झकास आणि ट्रॅक्टर कुठेच दिसत नाही, तिथे मला शंका येते. न्याहारीला गोडधोड आणि कॉफी. तिखटमिठाला सोकावलेल्या जिभेला टस्कनीतला अळणी पाव रुचायला वेळ लागतो.

आपल्याकडे गोष्ट निराळी घडली. कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ या दिवशी कसणारं कूळ मालक मानलं गेलं. त्याआधी अनेकांना हुसकावून लावलं, हेही खरं. पण ज्यांच्या नावावर जमीन चढली, त्यांची घरं भरलेली राहिली. बारामतीजवळ पांडुरंग तावरे यांनी २००५ मध्ये कृषी पर्यटनाची सुरुवात केली, २०२० मध्ये राज्याने त्यासाठी धोरण आणलं, आणि आज हुरड्याच्या दिवसांत अशा केंद्रांवर पाय ठेवायला जागा नसते. शाळेच्या सहलींना, भिशीच्या मंडळांना ते मानवतं. जोडप्याची मात्र पंचाईत होते. आधारकार्ड बघताना ‘लग्न झालंय ना?’, झालं असेल तर ‘किती वर्षं झाली?’, आणि पिठलं-भाकरी वाढून काकू शेजारीच बसणार, कारण पाहुण्याला एकटं जेवू घालायची रीत नाही. मला विचाराल तर नवविवाहितांनी इथे वर्षभर थांबून यावं. तोवर काकूंच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं तयार झालेली असतात.