क्ष म्हणजे शंभरवाल्या!

बीजगणिताची वही पुढे आली, की ‘बाबांना विचार’ म्हणून आपण मोकळ्या! मग आपलं बघून मुलगीही गणिताला भिऊ लागते. पण मैत्रिणींनो, बचतगटाचा हिशेब कोण करतं? २० बायका, काही ५० रुपये भरतात, काही १००. जमले १४००. शंभरवाल्या किती? आपण मनातच म्हणतो, सगळ्यांनी पन्नासच भरले असते तर १००० झाले असते. वरचे ४०० शंभरवाल्यांचे, प्रत्येकीचे ५० जादा. म्हणजे ८ जणी!

पुस्तक हेच लिहून मागतं. शंभरवाल्या क्ष मानल्या, तर पन्नासवाल्या २० − क्ष. (खरी मेख इथेच. मुलं दुसरं अक्षर शोधत बसतात.)

१००क्ष + ५०(२० − क्ष) = १४००

कंस सोडवला, की ५०क्ष + १००० = १४००. दोन्हीकडून १००० काढा. ५०क्ष = ४००, क्ष = ८. तेच हजार, तेच चारशे!

‘बाजू बदलली की चिन्ह बदलतं’ हे नुसतं घोकवू नका. तराजू डोळ्यांपुढे आणा. दोन्ही पारड्यांतून सारखंच काढायचं. भास्कराचार्यांनीही ११५० साली ‘लीलावती’त कितीतरी गणितं एका मुलीलाच उद्देशून घातली होती! शेवटी ताळा करायला लावा : ८ जणींचे ८००, १२ जणींचे ६००.