चुन्याने राखले, चपड्याने झाकोळले

केम्प्ली हे इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायर परगण्यातले एक छोटे खेडे. तिथले सेंट मेरीचे जुने चर्च आता शेतांमध्ये एकटेच उभे आहे, कारण वस्ती केव्हाच बाजूला सरकली आणि १९०३ साली तिच्यासाठी नवे चर्चही बांधले गेले. जुने चर्च इंग्लिश हेरिटेज ही संस्था सांभाळते. बाहेरून पाहावे तर जाड भिंती, लहान खिडक्या, उतरते छप्पर. या खेडवळ इमारतीत उत्तर युरोपातली बाराव्या शतकातली अत्यंत दुर्मीळ भित्तिचित्रे असतील, अशी शंकाही येत नाही.

ही चित्रे ११३० च्या सुमाराची. वेदीच्या खोलीला दगडी अर्धगोल कमानीचे छत आहे आणि ते सगळेच्या सगळे रंगवलेले आहे. मधोमध इंद्रधनुष्यावर बसलेला ख्रिस्त, भोवती सूर्य, चंद्र आणि तारे, शिवाय पंख असलेला मनुष्य, सिंह, बैल आणि गरुड ही चार शुभवर्तमानकारांची चिन्हे. बाजूच्या भिंतींवर एकीकडे सहा आणि दुसरीकडे सहा असे बारा प्रेषित बसले आहेत, आणि सगळ्यांच्या माना वर ख्रिस्ताकडे वळलेल्या आहेत. चित्रकाराने छताचा बाक वाया जाऊ दिला नाही. खाली उभ्या असलेल्या माणसालाही मान वर करावीच लागते.

जवळपास नऊशे वर्षे, तेही इंग्लंडच्या दमट हवेत, ही चित्रे टिकली कशी? याचे उत्तर चुन्यात आहे. चुनखडी भट्टीत साधारण ९०० अंश सेल्सियसला भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यात पाणी घातले की तो फसफसून विरतो. वाळू मिसळून त्याचा गिलावा भिंतीवर चढवतात आणि तो ओला असतानाच नुसत्या पाण्यात कालवलेले रंग लावतात. डिंक नाही, सरस नाही, अंडे नाही. गिलाव्यातले पाणी उडू लागते तसा विरलेला चुना त्याच्यासोबत पृष्ठभागाकडे येतो, हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतो आणि त्याची पुन्हा चुनखडी होते. भट्टीत जे गमावले ते भिंतीवर परत मिळवायचे, असा हा फेरा. या नव्या स्फटिकांच्या पापुद्र्यात रंगाचे कण कायमचे अडकतात. चित्र भिंतीवर राहत नाही, ते भिंतीचाच भाग होते. यालाच फ्रेस्को म्हणतात.

याची किंमतही आहे. गिलावा वाळायच्या आत काम उरकावे लागते, म्हणून जेवढे रंगवून होईल तेवढाच तुकडा लिंपायचा. शिवाय ओला चुना इतका दाहक की झाडापाल्याचे बरेच रंग त्यात मरतात. टिकतात ते मातीचे रंग, म्हणजे काव, पिवळी माती असे लोहाचे ऑक्साइड. केम्प्लीच्या भिंतींवर तांबूस आणि पिवळ्या छटांचे राज्य आहे ते याच कारणाने. त्याला कोणी चित्रकाराची गरिबी समजू नये.

हा फरक पाहायला दूर जावे लागत नाही. त्याच चर्चच्या मुख्य दालनात नंतरच्या काळातली चित्रे आहेत. त्यांत जीवनचक्र आहे, आत्म्यांचे वजन करणारा संत मायकल आहे. ती वाळलेल्या गिलाव्यावर काढलेली, त्यामुळे रंग धरून ठेवण्याचे काम बंधकद्रव्याचे. बंधकद्रव्य कुजले की रंगाचे पोपडे सुटतात. ही चित्रे आज वेदीच्या खोलीतल्या चित्रांपेक्षा वयाने लहान आणि तब्येतीने वाईट आहेत.

आता चित्रांच्या शत्रूंबद्दल. सहावा एडवर्ड गादीवर आला त्याच वर्षी, १५४७ मध्ये, चर्चमधल्या मूर्ती आणि चित्रे हटवण्याचे आदेश निघाले. देशभर भिंतींवर चुन्याची सफेदी फिरली. केम्प्लीची चित्रेही सफेदीखाली गेली आणि वाचली. सफेदी म्हणजे पुन्हा चुनाच, तो भिंतीची वाफ अडवत नाही. भिंतीतली ओल बाहेर पडत राहिली.

१८७२ साली ही चित्रे उघडी करण्यात आली आणि खरा घात केला तो प्रेमाने. चित्रे टिकावीत, उजळ दिसावीत म्हणून त्यांच्यावर चपड्याचे वॉर्निश चढवले. चपडा म्हणजे लाखेपासून केलेला, आपले सुतार पॉलिशला वापरतात तोच. पळस, कुसुम, बोर यांच्या फांद्यांवर राहणाऱ्या किड्यांची ही राळ एकोणिसाव्या शतकात जगाला प्रामुख्याने भारतातून मिळे. पण तिचा थर ओल आत कोंडतो. कोंडलेल्या पाण्यातले क्षार थराखालीच स्फटिक होतात. भिंतीला लोणा लागतो तोच प्रकार, फक्त इथे त्याला बाहेर पडायला वाट नसते, म्हणून तो चित्रच फोडू पाहतो. वर चपडा स्वतः पिवळा, मग तपकिरी पडतो. केम्प्लीत तो १९५० च्या दशकात काढण्यात आला.

अजिंठ्याने हेच भोगले आहे, आणि तिथे तर फ्रेस्कोही नाही. माती आणि वनस्पतींच्या तंतूंचा गिलावा, वर चुन्याचा पातळ हात आणि त्यावर बंधकद्रव्यात कालवलेले रंग. १८७२ पासूनच मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स तिथे प्रतिकृती करू लागले आणि चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून वॉर्निश वापरले गेले. पुढे १९२० मध्ये निजाम सरकारने बोलावलेल्या चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांनी सुटणारे पोपडे चिकटवले खरे, पण वर चपडाही लावला. तो उतरवण्यात पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांच्या पिढ्या गेल्या.

आता पुन्हा केम्प्लीकडे. तिथल्या चित्रांचा काळ मुळात शैलीवरून ठरवला होता. त्याला दुजोरा मिळाला तो मुख्य दालनाच्या छपरातल्या ओकच्या लाकडाकडून. झाडाचे दर वर्षाचे वलय त्या वर्षाच्या हवामानाप्रमाणे रुंद किंवा अरुंद होते. हा क्रम आधीच काळ ठरलेल्या लाकडांच्या क्रमाशी जुळवला की शेवटचे वलय कोणत्या वर्षाचे ते कळते. इथले उत्तर आले ११२० ते ११५०. तीस वर्षांची ही मोकळीक गणिताच्या ढिलाईमुळे नाही. सुतारांनी तासताना सालीलगतचे कोवळे लाकूड काढून टाकले की बाहेरची किती वलये गेली, याचा अंदाजच करावा लागतो. एखाद्या तुळईवर साल राहिली असती तर झाड कोणत्या वर्षी तोडले एवढेच नव्हे, तर हिवाळ्यात तोडले की उन्हाळ्यात, हेही सांगता आले असते.