पोट बिघडले म्हणून अंगावर उठले?

चैत्र-वैशाखात वाशीम-कारंज्याकडचे ऊन तापू लागले की घराघरांत अंगाला खाज सुटते, मुलांच्या पाठीवर घामोळे येते, तरुण मुलामुलींच्या गालांवर पुटकुळ्या उठतात. घरातील वडीलधाऱ्या बाईंचे निदान तयारच असते : पोट साफ नाही. मग रात्री एरंडेल, सकाळी सोनामुखी आणि आठवडाभर तिखट बंद. या निदानाला हसू नये. त्यात सत्याचा अंश आहे. तो किती, हे मात्र नीट जाणून घेतले पाहिजे, कारण याच समजुतीवर आज महागड्या गोळ्या विकल्या जातात आणि याच समजुतीच्या आडोशाला काही रोग घरात लपून राहतात.

आयुर्वेदाने विरुद्ध आहाराचा संबंध त्वचाविकारांशी फार पूर्वी जोडला. उग्रादित्याचार्यांनी ९ व्या शतकात मद्य, मांस आणि मध यांना फाटा देऊन ‘कल्याणकारक’ हा वैद्यकग्रंथ रचला. तो १९४० मध्ये सोलापुरातून छापून प्रसिद्ध झाला. पाश्चात्त्य वैद्यकात पोट आणि त्वचा यांच्या नात्याची ठळक मांडणी १९३० मध्ये स्टोक्स आणि पिल्सबरी या अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञांनी केली. मनावरच्या ताणाने आतड्यातील जंतूंची वसाहत बदलते, आतड्याचे अस्तर सैल पडते आणि त्याचा दाह त्वचेवर उमटतो, असे त्यांचे म्हणणे होते. उपाय म्हणून त्यांनी आंबवलेल्या दुधातील जंतू आणि कॉड माशाच्या यकृताचे तेल सुचवले. यातला दुसरा उपाय आपल्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेरचा. पहिला मात्र आपल्या विरजणाच्या भांड्यात पिढ्यान्‌पिढ्या नांदतो आहे.

आपल्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जीवाणू असतात, असा २०१६ मधला एक अंदाज आहे. त्यांतले बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात आणि सगळ्यांचे मिळून वजन जेमतेम २०० ग्रॅम भरते. आपल्याला न पचणारा चोथा हे त्यांचे अन्न. तो आंबवून ते ब्युटिरेटसारखी लहान आम्ले तयार करतात. या आम्लांवर आतड्याचे अस्तर पोसले जाते आणि शरीराची प्रतिकारयंत्रणा विनाकारण खवळत नाही. त्वचेचा दाह हाही अनेकदा याच यंत्रणेचा उद्रेक असतो. दोहोंमधला धागा हा असा आहे.

एका विकारात तर हे नाते अगदी उघड दिसते. काही जणांच्या आतड्याला गव्हातील ग्लुटेन सोसत नाही आणि त्यांच्यापैकी काहींच्या कोपरांवर, गुडघ्यांवर, कुल्ल्यांवर अतिशय खाजरे फोड येतात. गहू कायमचा सुटला की त्वचा हळूहळू निवळते. अशा माणसाला ज्वारीची भाकरी हाच आधार, आणि आपल्या जिल्ह्यात सोयाबीनने व्यापलेल्या शिवारात ज्वारीच आज शोधावी लागते!

इसबाची कथा इतकी सरळ नाही. २००१ मध्ये फिनलंडमधील एक अभ्यास गाजला. ॲलर्जीचा वारसा असलेल्या कुटुंबांत गरोदर मातांना आणि नंतर बाळांना लॅक्टोबॅसिलस दिले, तेव्हा दोन वर्षांच्या वयात इसबाचे प्रमाण ४६ टक्क्यांऐवजी २३ टक्के आढळले. त्यामुळे मोठी आशा निर्माण झाली. परंतु आधीच झालेल्या इसबावर असे जंतू किती गुण देतात, हे पाहण्यासाठी २०१८ मध्ये ३९ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला. निष्कर्ष असा, की रुग्णाला जाणवणाऱ्या त्रासात फारसा फरक पडत नाही. म्हणजे जंतूंची गोळी हा इसबावरचा इलाज नव्हे. शिवाय अशी गोळी घेताना तिचे कवच जिलेटिनचे, म्हणजे प्राणिज, आहे का हेही विचारून घ्यावे; वनस्पतिजन्य कवचही मिळते.

‘जिवंत जंतू’ हे शब्द कानी पडताच आपल्या अनेक घरांत मनाला चुटपुट लागते. दह्याची मर्यादा प्रत्येकाने आपल्या आम्नायाप्रमाणे पाळावी. ज्यांनी दह्याचा त्याग केला आहे, त्यांचेही काही अडत नाही. आतड्यातील वसाहतीला बाहेरच्या पाहुण्यांपेक्षा रोजच्या चोथ्याची गरज अधिक. कांदा-लसूण न खाणाऱ्यांना हे पोषण कोठून मिळणार, असा प्रश्न डॉक्टरही कधीकधी करतात. ज्वारी, तुरीचे वरण, हरभरा, भेंडी, पालेभाज्या यांत ते भरपूर असते. आपण बटाट्याऐवजी जे कच्चे केळे भाजीत घालतो, त्यातील पिष्ट तर लहान आतड्यात न पचता थेट या जंतूंपर्यंत पोहोचते. कढी मात्र उकळली की तिच्यातील जंतू उरत नाहीत. तिची रुची आणि पोषण तेवढे राहते.

जुलाबाचे औषध घेऊन त्वचा उजळेल, ही अपेक्षा सोडलेली बरी. त्याने जंतूंची वसाहतच विसकटते. मुरुमांसाठी दिलेली प्रतिजैविकेही पोटातील जंतूंना धक्का लावतात. म्हणून ती वैद्यकीय सल्ल्याशिवाय सुरू करू नयेत आणि सांगितलेल्या मुदतीपलीकडे लांबवू नयेत. उन्हाळ्यात घामाच्या जागी कडा धरून पसरणारे गजकर्ण बुरशीचे असते, त्याचा पोटाशी संबंध नाही. त्यावर दुकानातून आणलेले स्टेरॉइडमिश्रित मलम चार दिवस आराम देते आणि नंतर बुरशी अधिक पसरते.

सर्वांत काळजीची गोष्ट फिकट किंवा लालसर चट्ट्याची. दूध-मासे एकत्र खाल्ले, पोटात उष्णता साठली, अशी कारणे सांगत लोक महिनोन्‌महिने थांबतात. शाकाहारी घरांत माशांऐवजी दूध आणि आंबट फळांचे नाव निघते, इतकाच फरक. अशा चट्ट्यावर कापसाचा बोळा किंवा पिसाचे टोक फिरवून पाहावे. स्पर्श कळत नसेल, तर तो कुष्ठरोग असू शकतो. त्यावरचे बहुविध औषधोपचार सरकारी आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळतात. सहा महिने ते वर्षभर नियमाने घेतल्यास रोग बरा होतो आणि वेळीच सुरू केल्यास हातापायांत व्यंग येत नाही. स्पर्श कळत असला तरी चट्टा डॉक्टरांना दाखवावाच, आणि तोही एरंडेलाची बाटली उघडण्यापूर्वी.