फ्रेट फॉरवर्डिंगचं डिजिटायझेशन: संशोधनाचा प्रश्न नेमका कुठे आहे?

‘फ्रेट फॉरवर्डिंग कंपन्यांमधील डिजिटल ट्रान्सफॉर्मेशन : एक अभ्यास.’ अशा नावाची सिनॉप्सिस तुमच्यापैकी कुणी लिहीत असेल तर जरा थांबा. विषय चांगला आहे, पण या नावात अजून प्रश्न आलेला नाही. आणि प्रश्न नसला की पुढचं सगळं जवळजवळ ठरलेलं असतं. शंभर-दीडशे कंपन्यांना गूगल फॉर्म, ‘तुमची कंपनी डिजिटल साधनं वापरते का?’ याला एक ते पाच गुण, एसपीएसएसमध्ये टी-टेस्ट, आणि शेवटी ‘डिजिटायझेशनचा कार्यक्षमतेवर सकारात्मक परिणाम होतो’ असा निष्कर्ष. मग व्हायवाला बाहेरचे परीक्षक विचारतात, “म्हणजे नेमकं काय बदललं?” तीन-चार वर्षांच्या कामातून याचं उत्तर निघायला हवं. गूगल फॉर्ममधून ते निघत नाही. का निघत नाही, हे सांगण्यासाठी हा लेख.

आधी फॉरवर्डर म्हणजे कोण ते बघू. त्याच्याकडे जहाज नसतं, बहुतेक वेळा ट्रकही नसतो. समजा, सोलापूरच्या एका कारखानदाराला दोनशे खोके टॉवेल हॅम्बुर्गला पाठवायचे आहेत. एवढ्या मालाने पूर्ण कंटेनर भरत नाही. फॉरवर्डर असा चार-पाच जणांचा माल एकत्र करतो, शिपिंग लाइनकडे जागा बुक करतो, न्हावा शेवाच्या सीएफएसमध्ये माल भरून घेतो, कस्टम्सचं शिपिंग बिल मार्गी लावतो (स्वतः, किंवा कस्टम्स ब्रोकरकडून, बाजारात अजून सगळे ‘सीएचए’च म्हणतात) आणि पलीकडच्या एजंटला कागद पोचवतो. थोडक्यात, तो जागा आणि माहिती यांची सांगड घालतो. त्याचं पोट याच माहितीवर चालतं, हे लक्षात ठेवा. पुढे लागेल.

या धंद्यात कागद किती? २०१४ मध्ये मेर्स्क कंपनीने पूर्व आफ्रिकेतून युरोपला जाणाऱ्या शीतपेटीतल्या मालाच्या एका साध्या खेपेचा माग काढला होता. त्यात जवळजवळ ३० माणसं आणि संस्था, आणि त्यांच्यात २०० हून अधिक देवाणघेवाणी निघाल्या. हा आकडा तुम्हाला या विषयावरच्या असंख्य पेपरांच्या पहिल्या पानावर दिसेल. त्यावरून लोक लगेच म्हणतात, ‘मग हे सगळं ऑनलाइन करून टाका.’ खरी गंमत इथून सुरू होते.

‘ऑनलाइन करणं’ या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात. कागदाची फाईल होणं हे डिजिटायझेशन. त्या फाईलमुळे कामाची पद्धत बदलणं हे डिजिटलायझेशन. आणि कोण कुणाला कशाचे पैसे देतो हेच बदलणं, ते ट्रान्सफॉर्मेशन. आपल्या सिनॉप्सिसमध्ये बहुधा तिसरा शब्द शीर्षकात असतो आणि मोजमाप पहिल्याचं चाललेलं असतं. ऑफिसात स्कॅनर आहे का, ईमेल आहे का, सॉफ्टवेअर आहे का. अहो, ते सगळीकडेच आहे. आपल्याकडे तर कस्टम्सने १ एप्रिल २०१६ पासून ‘स्विफ्ट’ ही एक-खिडकी सुरू केली, नंतर ई-संचितवर सोबतचे कागद अपलोड होऊ लागले, आणि २०२० मध्ये फेसलेस असेसमेंट आलं. म्हणजे सरकारी बाजूचं काम बरंच पुढे गेलंय. तरीही फॉरवर्डरच्या ऑफिसातून कुरिअरवाला रोज पाकिटं घेऊन जातोच. त्या पाकिटात काय असतं?

बऱ्याचदा त्यात बिल ऑफ लेडिंग असतं. बोलताना सगळे ‘बीएल’ म्हणतात. हा कागद एकाच वेळी तीन कामं करतो. माल जहाजावर चढवायला मिळाला याची तो पावती आहे. वाहतुकीच्या कराराचा तो पुरावा आहे. आणि ‘टू ऑर्डर’ काढलेलं बीएल असेल तर तो मालावरच्या हक्काचा दस्तऐवज आहे. म्हणजे टॉवेल अजून समुद्रात असताना हा कागद मागे सही करून दुसऱ्याला दिला की मालावरचा हक्क हातोहात पुढे जातो. बँक त्यावर पैसे देते, ती याच भरवशावर. हॅम्बुर्गला जो मूळ प्रत दाखवेल, त्याला माल.

आता पहिल्या दोन कामांना पीडीएफ पुरते. तिसऱ्याला पुरत नाही, कारण पीडीएफच्या हव्या तेवढ्या प्रती निघतात आणि प्रत्येक प्रत मूळच असते. तुमच्याकडची फाईल मला पाठवली तरी तुमच्याकडची कुठे जाते? कागद दिला की तो हातातून जातो, आणि सगळा व्यवहार या जाण्यावरच उभा आहे. (खरं तर कागदी बीएलच्याही प्रथेप्रमाणे तीन मूळ प्रती काढतात. पूर्वी टपाल हरवायचं म्हणून. त्यातल्या एकीवर माल सुटला की उरलेल्या दोन रद्द. एकमेव असण्याचा आग्रह धरणाऱ्या कागदाच्या तीन मूळ प्रती, हे मला फार आवडतं.)

जहाज आधी पोचतं आणि कुरिअर मागे राहतं, तेव्हा काय करतात? ‘सरेंडर’ करतात. म्हणजे मूळ प्रती निघाल्या त्या बंदरातच परत जमा करायच्या आणि लाइनने पलीकडच्या ऑफिसला कळवायचं की कागद न बघता माल सोडा. काम एका ईमेलवर होतं. पण त्यात हक्क हस्तांतरित करण्याची सोयच सोडून दिलेली असते. तुमच्या प्रश्नावलीत हीच कंपनी ‘आम्ही बीएलचं काम डिजिटल केलंय’ यावर पाचपैकी पाच देणार, आणि तुमचा डेटा तिथेच बिघडणार. संज्ञा ठरवायच्या आधी मोजायला बसलं की असं होतं.

एकमेव असणारी इलेक्ट्रॉनिक नोंद करण्याचा प्रयत्न काही नवा नाही. ‘बोलेरो’ ही सेवा १९९९ मध्ये सुरू झाली. तिच्यामागे बँकांचं स्विफ्ट जाळं (कस्टम्सचं स्विफ्ट वेगळं, नावं सारखी) आणि वाहतूक विम्यातला टीटी क्लब होते. कायदा नसताना त्यांनी करारातून मार्ग काढला. सगळ्या सभासदांनी एका नियमपुस्तकावर सही करायची आणि त्यातली नोंद म्हणजेच ताबा असं मानायचं. पद्धत चालत होती, पण फक्त सभासदांमध्ये. साखळीतली एक बँक किंवा एक खरेदीदार बाहेरचा निघाला की पुन्हा कागद. डीसीएसए या शिपिंग लाइन्सच्या संघटनेने २०२१ सालासाठी दिलेला आकडा बघा: सुमारे १ कोटी ६० लाख मूळ बीएलपैकी इलेक्ट्रॉनिक होती साधारण १.२ टक्के. तंत्र हाताशी असून वीसेक वर्षांत एवढंच. तेव्हा ‘तंत्रज्ञानाचा अभाव’ हे कारण सिनॉप्सिसमधून काढून टाका.

कायद्याची गाठ अलीकडे सुटू लागली. २०१७ मध्ये अनसिट्रालने नमुना कायदा दिला. ब्रिटनचा इलेक्ट्रॉनिक ट्रेड डॉक्युमेंट्स कायदा २० सप्टेंबर २०२३ पासून लागू झाला. तो जरूर वाचा, अगदी छोटा आहे. त्यात ‘ब्लॉकचेन’ हा शब्द नाही. त्यात अटी आहेत: नोंद तिच्या प्रतींपासून वेगळी ओळखता आली पाहिजे, परवानगीशिवाय बदलता येऊ नये, एका वेळी एकाहून अधिक जणांच्या नियंत्रणात असू नये, आणि पुढे दिली की आधीच्याचं नियंत्रण संपलं पाहिजे. कागद जे आपोआप करत होता, ते शब्दांत मांडायला इतकी वर्षं लागली. आपल्याकडेही १८५६ चा बिल ऑफ लेडिंगचा कायदा जाऊन २०२५ मध्ये नवा आला. दोन्ही मजकूर शेजारी ठेवून ‘ताबा’ कुठे कसा येतो एवढंच पाहिलं तरी चांगल्या टर्म पेपरचं काम होईल.

पण कायदा झाला म्हणजे भागलं असंही नाही. त्यासाठी ट्रेडलेन्सची गोष्ट बघावी लागते.

मेर्स्क आणि आयबीएम यांनी जानेवारी २०१८ मध्ये ब्लॉकचेनवर चालणारा सामायिक मंच जाहीर केला, आणि त्या ऑगस्टमध्ये त्याला ट्रेडलेन्स हे नाव मिळालं. बंदरं, कस्टम्स, बँका, लाइन्स, फॉरवर्डर, सगळ्यांनी एकाच ठिकाणी माहिती टाकायची अशी कल्पना. २०१९ मध्ये एमएससी, सीएमए सीजीएम, हापाग-लॉइड असे मोठे प्रतिस्पर्धीही सामील व्हायला तयार झाले. आणि २९ नोव्हेंबर २०२२ ला मंच बंद करत असल्याची घोषणा झाली. अधिकृत कारण होतं की साऱ्या उद्योगाचं जे सहकार्य लागतं ते मिळालं नाही.

आता फॉरवर्डरच्या खुर्चीत बसून बघा. सोलापूरच्या खेपेत तो कारखानदाराला स्वतःचं ‘हाऊस बीएल’ देतो, आणि लाइनकडून एकत्र केलेल्या कंटेनरचं ‘मास्टर बीएल’ घेतो. मास्टरवर पाठवणारा म्हणून फॉरवर्डरचं नाव असतं. टॉवेलवाल्याचं नाव, त्याला लावलेला दर, पुढच्या महिन्यात किती माल येणार हे त्याच्या वहीत. ही वही म्हणजे त्याचा धंदा. आणि याच वर्षांत मेर्स्क ‘आम्ही आता दारापासून दारापर्यंत सगळी सेवा देणार’ असं म्हणत फॉरवर्डरच्या अंगणात उतरत होती. स्वतःच्या डॅम्को या फॉरवर्डिंग कंपनीचं हवाई आणि एलसीएल मालाचं काम तिने २०२० मध्ये मुख्य कंपनीत ओढून घ्यायचं ठरवलं. अशा कंपनीच्या मंचावर तुम्ही तुमची वही उघडाल का? कूटलेखन कितीही पक्कं असलं तरी? माझ्या मते ट्रेडलेन्सचं मर्म इथे आहे. ब्लॉकचेन ‘कुणीतरी नोंद खोटी करेल’ या भीतीवर उपाय होता. फॉरवर्डरची भीती वेगळी होती: नोंद खरी असेल आणि ती प्रतिस्पर्ध्याला दिसेल.

इथे लिटरेचर रिव्ह्यूबद्दल एक सूचना. २०१८ ते २०२२ मधल्या अनेक पेपरांत ट्रेडलेन्स यशाचं उदाहरण म्हणून येतं. ते पेपर चुकीचे नाहीत, लिहिले तेव्हा मंच चालू होता. पण २०२६ मध्ये तुम्ही तेच वाक्य उचललंत तर परीक्षकाला लगेच कळेल की तुम्ही मूळ पेपर वाचलात, घडलं काय ते नाही. प्रत्येक केस स्टडीपुढे पेन्सिलीने आजची स्थिती लिहीत चला.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या या मालवेअरने मेर्स्कची यंत्रणा बंद पाडली. न्हावा शेवामधलं एपीएम टर्मिनल्सचं टर्मिनलही अडकलं. पुढे दावोसमध्ये मेर्स्कच्या अध्यक्षांनी सांगितलं की दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले, आणि त्या काळात मालाचं प्रमाण घटलं ते २० टक्केच. बाकी काम माणसांनी हाताने ओढलं. कार्यक्षमतेच्या तक्त्यात ही माणसं ‘कमी करता येण्याजोगा खर्च’ म्हणून दिसतात. तुमच्या मॉडेलमध्ये ती कुठल्या व्हेरिएबलमध्ये बसवणार?

मग करायचं काय? मला विचाराल तर अभ्यासाचं एकक कंपनी ठेवू नका, खेप ठेवा. पंचवीस-तीस खेपा निवडा आणि बुकिंगपासून डिलिव्हरी ऑर्डरपर्यंत प्रत्येक कागदाचा प्रवास लिहून काढा. तीच माहिती किती वेळा पुन्हा टाइप झाली? कुठे काम माणसासाठी थांबलं, कुठे मूळ प्रतीसाठी, कुठे पैशासाठी? सरेंडर झालेली, सी वे-बिलवर गेलेली आणि खरंच हस्तांतरित झालेली बीएल वेगवेगळी मोजा. पंचवीस खेपांवर मोठी सांख्यिकी होत नाही हे मान्य, स्टॅटिस्टिक्सवाली म्हणून मलाही ते टोचतं. पण नंतरच्या मोठ्या सर्व्हेत नेमकं काय विचारायचं ते याच खेपा सांगतात.

अडचण येते ती डेटा मिळवताना. फॉरवर्डर दर आणि ग्राहकांची नावं दाखवणार नाही, आणि का ते वर आलंच आहे. तेव्हा पहिल्या भेटीत ‘डेटा द्या’ म्हणू नका. नावं आणि रकमा त्यांनीच झाकून द्याव्यात, आपल्याला फक्त तारखा, वेळा आणि कागदाचा प्रकार लागतो, असं लेखी कळवा. त्या पत्रावर गाईडची सही घ्या. आणि भेट साहेबांची मागितलीत तरी वेळ काढा डॉक्युमेंटेशनच्या टेबलवर बसणाऱ्यांसाठी. कुठला कागद कुठे अडतो हे त्यांना तोंडपाठ असतं. फक्त गुरुवार-शुक्रवारी जाऊ नका. आठवड्याअखेरचं जहाज असलं की त्यांना मान वर करायलाही फुरसत नसते.