मांजरीचा पूल आणि सोलापूरचा नळ

परवा सोलापूरचा माझा एक जुना सहकारी घरी आला होता. बँकेत असताना भिगवणजवळच्या एका शाखेत आम्ही सहा वर्षं शेजारशेजारच्या टेबलांवर काढली. निवृत्तीनंतर वर्षाकाठी एक भेट ठरलेली. संध्याकाळी त्याला घेऊन फिरायला निघालो आणि मांजरी बुद्रुक व मांजरी खुर्द यांना जोडणाऱ्या पुलावर आलो. कठड्याशी थांबून तो म्हणाला, "अरे, केवढं हिरवंगार कुरण! जनावरं कशी दिसेनात?"

ते कुरण नव्हतं. ती मुळा-मुठा होती. या काठापासून त्या काठापर्यंत जलपर्णी, मधूनमधून जांभळी फुलं. लांबून खरंच देखणं दिसतं ते. तेवढ्यात वारा फिरला आणि वास आला. त्यानं नाकाला रुमाल लावला.

"ही पुढं कुठं जाते रे?"

"थेऊरवरून रांजणगाव सांडसला. तिथं भीमेला मिळते."

सोलापूरकराला भीमेच्या पुढचा पत्ता सांगावा लागत नाही. भीमा उजनीत जाते आणि उजनीचं पाणी सोलापूर पितं. तो बराच वेळ खाली पाहत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे हेच आमच्या नळाला येतं होय?"

मधे एवढं मोठं धरण आहे, पाणी शुद्ध करूनच देतात, वगैरे मी बोललो. पण त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

मी बँकवाला. खातं थकलं की आधी कर्जदार कोण आणि जामीनदार कोण हे पाहायची सवय. इथं कर्जदार शोधायला गेलं की जो तो शेजाऱ्याकडे बोट दाखवतो. पुणेकर म्हणतात, पवनेतून पिंपरी-चिंचवडचं येतं. तिकडचे म्हणतात, मुठेचं पाहा. नागरिक महापालिकेला बोल लावतात, महापालिका निधीकडे बोट दाखवते, आणि सगळे मिळून त्या बिचाऱ्या वनस्पतीला शिव्या घालतात.

वनस्पती परदेशी खरी. मूळची दक्षिण अमेरिकेतली, ॲमेझॉनच्या खोऱ्यातली. फुलं सुंदर म्हणून एकोणिसाव्या शतकात माणसांनीच तिला देशोदेशीच्या बागांत नेलं. बंगालात तिनं भातखाचरं आणि होड्यांच्या वाटा अशा अडवल्या की १९३६ साली तिच्या विरोधात कायदा करावा लागला. तिचं बी चिखलात पंधरा-वीस वर्षं जिवंत राहतं. म्हणून दर उन्हाळ्यात ती काढायचे ठेके निघतात आणि पुढच्या वर्षी ती पुन्हा हजर. काढलेली काठावरच टाकली तर कुजून तिचं सत्त्व परत नदीतच उतरतं, आणि जी राहते ती पहिल्या पुरात वाहत खाली जाते.

पण नुसतं बी असून भागत नाही. स्वच्छ पाण्यात ही बाई मरतुकडीच राहते. तिला नत्र आणि स्फुरद लागतं. ते भरपूर मिळालं की चांगल्या दिवसांत पंधरवड्यात दुप्पट होते. नत्र मैलापाण्यातून येतं. स्फुरद मैलापाण्यातून, कपडे-भांड्यांच्या साबणातून आणि शेताच्या खतातून येतं. वर हिरवं झाकण बसलं की खाली ना उजेड ना प्राणवायू. २०२४ च्या फेब्रुवारीत केशवनगर-खराडीच्या बाजूला नदीवर डासांचे उंच खांब उभे राहिलेले साऱ्या देशानं पाहिले. ते सगळे डासच होते का यावर वाद झाला. आम्ही खिडक्या लावून बसलो होतो, आम्हाला त्या वादात रस नव्हता.

पाणी नासवू नये असा कायदा महाराष्ट्रानं १९६९ सालीच केला. केंद्राचा १९७४ मध्ये आला. पुण्यात मैलापाणी शुद्ध करण्याचे आणखी अकरा प्रकल्प, दिवसाला ३९६ दशलक्ष लिटरचे, जपानच्या कर्जातून २०१५-१६ मध्ये मंजूर झाले. पहिली ठरलेली मुदत उलटून गेली. आमची मांजरी बुद्रुक २०२१ साली महापालिकेत आली. वांग्यासाठी नाव कमावलेलं हे गाव, मांजरी गोटा इथलाच. आता वांग्याच्या वाफ्यांवर आमच्यासारख्यांच्या इमारती आहेत. इमारती लवकर झाल्या. मैलापाण्याच्या नळांचं काम मागे राहिलं.

इथवर सगळं दुसऱ्यांचं झालं. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मित्रानंच विचारलं, "आपल्या शाखेतली उसाची पीककर्जं आठवतात का रे?"

न आठवायला काय झालं! कर्जाचा काही हिस्सा रोख आणि काही खताच्या रूपानं द्यायचा. दुकानदाराची पावती लागल्याशिवाय मी फाइल पुढं सरकू देत नसे, आणि त्या काटेकोरपणाबद्दल साहेबांनी पाठही थोपटली होती. एकदा एक म्हातारे शेतकरी म्हणाले होते, "साहेब, एवढं खत माझ्या रानाला नको. शेणखत आहे घरचं." मी त्यांना नियम दाखवला. ते रान उजनीच्या फुगवट्याला लागून होतं. जास्तीचं खत कुठं गेलं असेल, हे विचारायचं तेव्हा आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही. धरणात जमीन गेलेले कितीतरी जण तिथं मासेमारीला लागले होते. मरळ, वाम आता क्वचित मिळतात, जाळ्यात चिलापीच जास्त येते, असं ते सांगायचे. चिलापीही बाहेरची, आफ्रिकेतली. तिला पाणी कसंही चालतं. होड्यांसाठी कर्जं आम्ही दिली, पाण्याची चौकशी केली नाही.

मित्र गप्प बसला. मग मी त्याला उरलेलं सांगितलं.

मी आमच्या सोसायटीचा दोन वर्षं खजिनदार होतो. तळघरात मैलापाणी शुद्ध करायचं यंत्र आहे, सगळे त्याला एसटीपी म्हणतात. हवा सोडणारा ब्लोअर रात्रंदिवस चालला तरच त्यातले जिवाणू जगतात, आणि विजेचं बिल त्याचंच मोठं येतं. खर्चकपातीचा विषय निघाला तेव्हा ब्लोअर चारच तास चालवण्याचा ठराव मी मांडला. आकडेवारीसकट मांडला. मेंटेनन्स महिन्याला घरटी दोनशे रुपयांनी उतरला, सर्वसाधारण सभेनं टाळ्या वाजवल्या. पुढं कुणीतरी ते चार तासही बंद केले. मागच्या ओढ्याला फेस दिसू लागला. ओढा नदीला मिळतो. मी खजिनदार नव्हतो तेव्हा, असं स्वतःशी म्हणत राहिलो. कर्जदार मेला म्हणून जामीनदार सुटत नाही, हे मी आयुष्यभर लोकांना ऐकवलं होतं.

मित्र एवढंच म्हणाला, "बंद असलेलं ते यंत्र दाखव." आम्ही तळघरात गेलो. टाकीवर धूळ होती, कळीवर कोळ्याचं जाळं.

तो गेल्यावर मी सचिवांना पत्र दिलं, माझा ठराव चुकीचा होता असं स्पष्ट लिहून. सचिवबाई भल्या आहेत, माझ्या मुलीच्या वयाच्या. म्हणाल्या, "काका, तुमचं बरोबर आहे. पण ओढ्याला सोडणारे आपण एकटे थोडेच आहोत?" तरी विषय सभेपुढं घेतला. अडीच तास बोलणं झालं. दुरुस्तीचा खर्च मान्य झाला, ब्लोअर मात्र फक्त दिवसा चालवायचा, असा मधला मार्ग निघाला. रात्री बंद.

मित्राचा दर रविवारी फोन येतो. "सुरू झालं का रे तुमचं यंत्र?" म्हणून विचारतो. मी "झालं" म्हणतो. रात्रीचं अजून त्याला सांगितलेलं नाही.